कोपराला सोसेल असं पाणी

आईबाईनं इस्त्री उलटी केली, बोट जिभेला लावून तळाला टेकवलं. चर्र झालं.

"तापली," ती म्हणाली. "आण आता चादरी. आणि घडी माझ्या पद्धतीनं घाल, माहेरच्या पद्धतीनं नको. तुमच्याकडे चादरीचंही गाठोडं करतात."

थोरली सून चादरी आणायला वळली. आईबाईशी बोलण्यात जिंकायचं असेल तर गप्प बसायचं, एवढं ती वीस वर्षांत शिकली होती.

लाँड्री लहानच होती. दोन टाक्या, कपडे पिळायचं एक जुनं यंत्र, भिंतीशी इस्त्रीचं टेबल आणि वाफेनं कायम घामेजलेली एक खिडकी. पण नाव मोठं होतं. आईबाईच्या हातून गेलेलं कापड परत येत नाही, असं लोक म्हणत. डाग राहिला, कॉलर मळकट राहिली म्हणून चाळीस वर्षांत एक रुमालसुद्धा परत आला नव्हता. लोक विसरतील म्हणून ती स्वतःही हे दिवसातून दोनदा सांगे.

घरात आणि चर्चमध्ये सगळेच तिला आईबाई म्हणत. आई म्हणावं इतकी ती मऊ नव्हती आणि नुसतं बाई म्हणावं इतकी परकी नव्हती. शाळा तिसरीतच सुटलेली. पवित्र शास्त्र वाचायची ते ओळीखाली बोट धरून, तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक शब्द निवडत. पण वाचलं की केलं. रविवारी कुलूप म्हणजे कुलूप, मग हॉटेलवाला चादरींसाठी दारात लोळण घेवो. खोटं बोलायचं नाही म्हणजे नकोसं माणूस दाराशी आलं तरी 'आईबाई घरात नाहीत' म्हणायचं नाही. 'आहेत, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतात,' असं सांगायचं. हे काम सुनांकडे.

"देवाला अर्धंमुर्धं चालत नाही," ती सुनांना ऐकवायची. "अर्ध्या धुतलेल्या सदऱ्याला कोणी धुतलेला म्हणतं का?"

दार उघडलं तशी वाफ बाहेर पळाली. दारात नात उभी होती. गेलेल्या लेकीची लेक, एकोणीस वर्षांची. नाकडोळे आईचे, उंची बापाची. केस विंचरलेले नव्हते.

"आजी," ती म्हणाली, "मोठी आई गेली. पहाटे."

मोठी आई म्हणजे तिच्या बापाची आई. आईबाईची विहीण.

चादरीवर इस्त्री फिरवणारा आईबाईचा हात जागच्या जागी थांबला. मग तिनं इस्त्री उचलून उभी केली. चादरीवर बदामी रंगाची फिकट खूण उमटली होती. सुनेनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखी चादर ओढून घडीत घातली.

"बरं," आईबाई म्हणाली. "मग इकडे कुठं आलीस? चर्चच्या पाळकांकडे जा. पेटी करायला सुताराला सांग."

"सांगितलं. पाळकसाहेब आलेत घरी. त्यांनीच पाठवलं मला. अंघोळ घालायला..."

"मंडळीतल्या बाया संपल्या काय?"

"सगळ्यांना तूच घालतेस ना, आजी."

ते खरं होतं. चर्चच्या मंडळीतली कोणीही बाई गेली की शेवटची अंघोळ आईबाईच्या हातची. पंचवीस वर्षं हे काम तिनं कोणाला करू दिलं नव्हतं. तिचे नियम होते. पाणी कोमट हवं, आणि ते हातानं नाही, कोपर बुडवून पाहायचं, तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाहतात तसं. हातांचं काही खरं नाही, लाँड्रीत रापलेले हात कढत पाण्यालाही गार म्हणतात. कोपर खोटं बोलत नाही. आणि पाणी घालण्याआधी गेलेल्या बाईला सांगायचं, "पाणी घेते हं, बाई." एकदा कोणीतरी तोंडाला पदर लावून हसलं होतं. तेव्हा आईबाई म्हणाली होती, "पहिल्या अंघोळीला कोमट लागतं, मग शेवटच्या अंघोळीनं काय घोडं मारलंय?"

किती बायांना घातली याची मोजदाद नव्हती. फक्त एकीला घालायची राहिली होती.

लेकीला सासरी ताप आला तेव्हा विहीण म्हणाली होती, ताप आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. डॉक्टर आला पाचव्या दिवशी. आईबाईकडे निरोप आला सहाव्या दिवशी, आणि ती ओल्या हातांनी धावत गेली तोवर पेटीचं झाकण बसलं होतं, खिळेही ठोकून झाले होते. "ताप पसरणारा होता," विहीण दार अडवून म्हणाली. "उगाच उघडायला नको." आईबाईनं झाकणावर हात ठेवला. लाकूड नवं होतं, रंधा नीट फिरला नव्हता, तळव्यात एक कुसळ गेलं. ते तिनं आठ दिवस काढलं नाही.

पुढे दोनेक वर्षांनी विहिणीची शेजारीण चादरी टाकायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या लेकीला मीच अंघोळ घातली हो. घाई इतकी, की तापवायलासुद्धा वेळ नव्हता. नळाचंच घेतलं." तिच्या मनात पाप नव्हतं. आईबाईनं तिच्या चादरी धुतल्या, कडक इस्त्री केली, नीट बांधून दिल्या. त्या दिवसापासून तिनं विहिणीचं नाव तोंडातून काढलं नाही. बोलायची वेळ आलीच तर 'ती बाई.' रविवारी चर्चमध्ये दोघी दोन टोकांना बसत, मध्ये बारा बाकं.

"आईबाई, नाही म्हणा," सून हळूच म्हणाली. "कोणी नाव ठेवणार नाही."

"कोण नाव ठेवतं याला कोण विचारतंय? माझ्या आणि देवाच्या मध्ये तू बोलू नकोस." आईबाईनं हात पुसले. "आज्ञा आहे. वैऱ्यावर माया करा म्हणून. तिथं 'तुमची विहीण सोडून' असं लिहिलेलं मला तरी कुठं दिसलं नाही. पिशवी दे माझी."

नातीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ती पुढं होऊन आजीचा दंड धरायला गेली.

"मला चालता येतं," आईबाई म्हणाली.

विहिणीचं घर तिसऱ्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. आईबाईनं बारा वर्षांत त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. दारात चपलांचा ढीग होता. जावई भिंतीला टेकून खाली बसला होता. तिला पाहून तो उठला, काही बोलायला गेला, पुन्हा बसला. तरुण पाळक पुढं आले. त्यांच्या शर्टाची कॉलर तिच्याच लाँड्रीतली होती. कडक, एक सुरकुती नाही. ते तिनं आधी पाहिलं, मग त्यांचं तोंड.

"तुम्ही याल की नाही, मला खात्री नव्हती," ते म्हणाले.

"मला होती," आईबाई म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं चढवलेलं होतं. नुकती वाफ धरत होतं.

"निघताना मंद आचेवर ठेवून आले, आजी. तू दाखवलं होतंस तसं. कोपरानं बघून मग—"

आईबाईनं हात लांब करून गॅस बंद केला.

"बादली भर. नळाची."

"नळाची?"

"कानात बोळे घातलेस काय? भर."

नातीनं बादली भरली. आईबाईनं ती स्वतः उचलली, खोलीत नेली आणि आतून कडी लावली.

विहीण पलंगावर होती. केवढीशी झाली होती. दार अडवून उभी राहायची तेव्हा दाराएवढी वाटायची, आता चादरीखाली एखादं पोर निजावं तशी. आईबाईनं बाह्या दुमडल्या. कोपर बुडवलं नाही. 'पाणी घेते हं' म्हणाली नाही. कापड बुडवलं, पिळलं आणि कामाला लागली.

कामात खोट नव्हती. कपाळ, पापण्या, कानामागे. बोटांच्या बेचक्या. नखं काडीनं साफ केली. टाचांच्या भेगांतला मळ काढला. पाठीला हात घालून कुशीवर वळवलं ते एखाद्या परिचारिकेनं शिकावं असं. फक्त पाणी नळाचं होतं. आणि ते तिच्याशिवाय फक्त नातीला ठाऊक होतं. माझ्या पोरीला नळाचं, तर हिलाही नळाचं. आज्ञा आहे, पाळली. आज्ञेत पाण्याचं काही लिहिलेलं नाही.

धुऊन, पुसून, स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून झालं. मग ती क्षणभर खुर्चीवर टेकली. काहीतरी हलकं होईल असं तिला वाटलं होतं. बारा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो हाच असावा. ती वाट पाहत बसली. बादलीच्या कडेवरून एक थेंब फरशीवर पडला. दुसरा पडला. बोटं बधिर झाली होती. दुसरं काही झालं नाही.

बाहेर आली तेव्हा बाया बाजूला सरकल्या. कोणी खुर्ची दिली, कोणी चहा हातात ठेवला. तिनं कपाभोवती दोन्ही तळवे धरले. तरी त्यांत ऊब येईना.

"सगळ्यांनी ऐका," पाळक उभे राहिले. "मी दर रविवारी आज्ञापालनावर बोलतो. आज आईबाईंनी करून दाखवलं. ज्या घरात आपली लेक गमावली, त्याच घरात येऊन... संपूर्ण मनानं देवाचं ऐकणं म्हणजे काय, ते आज मी शिकलो."

"खरंय हो," कोणीतरी म्हणालं. डोळे पुसले गेले. जावयानं तर मान गुडघ्यांत घातली.

एरवी आईबाईला कौतुक पचायला जड जात नसे. ते योग्य ठिकाणी पोचलं, असंच ती मानायची. आता तिनं कप तोंडाला लावला आणि त्याच्या काठावरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारात नात उभी होती. तिच्या मागं गॅसवर ते पातेलं, जसंच्या तसं भरलेलं. नातीनं आजीकडे पाहिलं नाही. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

आईबाईनं कप खाली ठेवला आणि उठून तिच्याजवळ गेली.

"काय गं? तोंड का पाडलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणतेस तेव्हा तुझ्या आईसारखी नाक ओढतेस."

नातीनं नाक पुसलं. "मला तिनंच वाढवलं, आजी. माझ्या वेण्या घालायची. मला ठाऊक आहे तुझं काय आहे ते. मी काही म्हणत नाही."

एवढंच म्हणाली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर आईबाईला उलट उत्तर देता आलं असतं. उत्तरांची तिला कधी वाण नव्हती.

ती नातीला आत ओट्याशी घेऊन गेली. मग तिनं विचारलं, आवाज इतका खाली की नातीला वाकावं लागलं.

"जाताना काही बोलली का?"

"कोण, मोठी आई?"

"माझ्या पोरीबद्दल. चुकलं म्हणून. काही म्हणजे काही."

नातीनं आठवून पाहिलं. खोटं बोलायची आजीची शिकवण नव्हती.

"नाही, आजी."

"आधी कधी? आजारात?"

"आईचं नावच काढायची नाही कधी." नात थांबली. "शेवटी नुसतं, खिडकी लाव म्हणाली. लावलेलीच होती. तरी दोनदा म्हणाली. गार लागतंय, गार लागतंय. दोन पांघरुणं घातली मी. हात चोळत बसले. तरी तिला गारच लागत होतं."

आईबाईनं ओट्याला हात टेकला. जिथं टेकला तिथंच तिची लेक पाच दिवस तापात असताना पाणी प्यायला उठून आली असेल, नसेल. कोणाला विचारणार आता? एक शब्द मिळाला असता तर त्यावर माया करणं सोपं होतं. शब्द नव्हता. होती ती खिडकी लाव म्हणणारी एक म्हातारी, आणि तिच्या काडीएवढ्या अंगावर फिरवलेलं नळाचं गार पाणी.

बाहेर हातगाडी थांबल्याचा आवाज आला. सुतार पेटी घेऊन आला होता. माणसं उठू लागली.

"पाणी तापव," आईबाई म्हणाली.

"काय?"

"गॅस लाव म्हटलं. आणि दुसरी स्वच्छ बादली काढ."

पाळक दारात आले. "आईबाई, पेटी आलीय. ठेवून घेऊ या का? लोक खोळंबलेत."

"नाही. मला परत अंघोळ घालायचीय."

"परत? पण आत्ताच तर तुम्ही इतकं छान—"

"छान नाही झालं." हे शब्द तिनं आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. ते तिच्या तोंडात नव्या कवळीसारखे अडकले. थोरली सून मागून येऊन दारात पोचली होती, ती जागीच थबकली. आईबाईनं सगळ्यांकडे पाहिलं, कोणालाही न वगळता, आणि सदऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी सांगावं तसं सांगितलं, "माझ्याकडून नीट झालं नाही. परत धुवावं लागेल."

बायांनी हातातले कप खाली ठेवले.

"मघाशी माझ्यावर जे बोललात ते परत घ्या," ती पाळकांना म्हणाली. "माझं नव्हतं ते."

"आईबाई—"

"आणि सुताराला म्हणावं, बस. चहा घे. झाकणाला हात लावू नकोस."

पाण्याला वाफ धरेपर्यंत ती पातेल्याजवळच उभी राहिली, दूध उतू जाईल म्हणून राखण करावी तशी. ओठ हलत होते. सुनेला वाटलं, प्रार्थना करतेय. प्रार्थनाच होती, पण तिला सजवायला आईबाईकडे शब्द नव्हते. देवा, मन येत नाहीये. खोटं कशाला सांगू, येत नाहीये. पाणी तापवते तेवढं. पुढचं तू बघ.

या वेळी तिनं खोलीची कडी लावली नाही. नातीला आत घेतलं.

"हा मग धर. मी सांगते तसं कर. चेहऱ्यापासून सुरुवात. कानामागे विसरायचं नाही, बाया तिथंच विसरतात." ती बाह्या दुमडत होती आणि एका बाहीचं बटण तिला सापडत नव्हतं. "तुझ्या आईला कानामागे पाणी लागलं की हसायची. एवढीशी होती. माझ्या मांडीवर आडवी, आणि हसायची नुसती..."

नातीनं हातातला मग खाली ठेवला आणि बटण काढून दिलं.

आईबाईनं कोपर बुडवलं. कढत होतं. तिनं गार पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा बुडवलं. अजून थोडं. पुन्हा बुडवलं. कोपर तिनं बाहेर काढलंच नाही. वाकलेली तशीच राहिली, बादलीच्या काठावर दुसरा हात टेकून. तिच्या हनुवटीवरून पाण्यात काहीतरी टपटपत होतं आणि नात दुसरीकडे बघत होती.

"आजी," थोड्या वेळानं नात म्हणाली, "तिला आता काय कळणार गं, गार की गरम?"

"तिला नाही कळणार."

तिनं कापड बुडवलं, पिळलं, पलंगाशी गेली. विंचरलेले केस कपाळावरून बाजूला सारले. हात थांबला. आवाज आला तो कोणाला दटावणारा नव्हता.

"विहीणबाई," ती म्हणाली. "पाणी घेते हं."

बाहेर सुतारानं पेटीचं झाकण भिंतीला उभं टेकवलं आणि चहाचा कप घेऊन तो पायरीवर बसला.